एक्स्पोर्ट क्वालिटी रोबो

टोकियोला ऑनसाइट निघाले तेव्हा नाशिकच्या घरून तीन फर्माइशी आल्या होत्या. आईला चहा दिवसभर गरम ठेवणारा थर्मास, वहिनीला कसलासा फेसवॉश आणि सात वर्षांच्या भाच्याला ऑप्टिमस प्राइम. ‘आत्या, ओरिजिनल जपानचा हं. चायनाचा नको!’ अशी वर तंबी. दादानं काहीच मागितलं नाही. गंमत म्हणजे माझ्यावर खरी उधारी त्याचीच आहे, आणि तीही रोबोचीच.

झालं असं की, १९९७ च्या दिवाळीत बाबांनी मुंबईहून, मनीष मार्केटमधून दादासाठी एक रोबो आणला. वीतभरापेक्षा थोडा उंच, चॉकलेटी रंगाचा. पाठीत टॉर्चचे दोन सेल घालायचे, बटण सरकवलं की स्वारी ठक ठक करत निघायची. चार पावलं गेली की थांबायची, छातीची दोन दारं खटकन उघडायची आणि आतल्या बंदुका लाल दिवे पेटवत ट्यॅट्यॅट्यॅट्यॅ! मग कमरेतून गर्रकन गिरकी आणि पुन्हा ठक ठक. आख्ख्या कॉलनीतली पोरं बघायला यायची. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, ‘एक्स्पोर्ट क्वालिटी आहे!’

मला त्या दिवाळीत भातुकली मिळाली होती. (मुलगी ना!) भाऊबीजेच्या दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा मी आईच्या शिलाई मशिनच्या खणातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि ती दारं नेमकी उघडतात कशी, ते पाहिलं. परत जोडताना तीन स्क्रू उरले. रोबो त्यानंतर कधीच चालला नाही. संध्याकाळी चौकशी बसली तेव्हा दादा म्हणाला, ‘माझ्या हातून पडला.’ मार त्यानं खाल्ला, इंजिनीअर मी झाले. आजही मी इकडे येन मोजते आणि आई-बाबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या तो करतो. तर असो.

पहिली मोहीम अर्थातच अकिहाबारा. स्टेशनच्या ‘इलेक्ट्रिक टाऊन’वाल्या दारातून बाहेर पडलं की डोळे आणि कान दोन्हींवर एकदम हल्ला होतो. महायुद्धानंतर इथे रेडिओच्या सुट्या भागांचे ठेले लागायचे, मग टीव्ही-फ्रिज आले, मग कॉम्प्युटर, मग गेम आणि ॲनिमे. आपला लॅमिंग्टन रोड समजा, फक्त सात-आठ मजली आणि नुकताच रंगपंचमी खेळून आलेला. मी २००५ मध्ये उघडलेल्या भल्यामोठ्या योदोबाशीत शिरले, खेळण्यांचा मजला गाठला आणि काउंटरवरच्या काकांना विचारलं, ‘ऑप्टिमस प्राइम?’ काकांनी एक क्षण विचार केला आणि चेहरा उजळला. ‘आऽऽ, कोम्बोई!’

कोम्बोई म्हणजे कॉन्व्हॉय. मला वाटलं, काका भलतंच काहीतरी गळ्यात मारतायत. पण शेल्फवर तोच होता, लाल ट्रकचा निळ्या पायांचा आपला हीरो! त्याची कहाणी अशी की, ट्रान्सफॉर्मर्स हे मुळात ट्रान्सफॉर्मर्स नव्हतेच. ताकारा या जपानी कंपनीची डायाक्लोन आणि मायक्रोमॅन नावाची वेगवेगळी खेळणी होती. डायाक्लोनमधला रोबो म्हणजे नुसतं यंत्र, आत बोटाच्या पेराएवढा ड्रायव्हर बसवायचा. अमेरिकेच्या हॅस्ब्रोनं ही खेळणी उचलली, ड्रायव्हर काढून टाकले, रोबोंनाच जीव, स्वभाव आणि नावं दिली, चांगले आणि वाईट असे दोन गट पाडले आणि १९८४ मध्ये बाजारात आणली. पुढच्याच वर्षी ती नव्या नावानं जपानला परत आली. थोडक्यात, लेक सासरी गेली, नाव बदललं, नशीब काढलं आणि माहेरपणाला आली. पण माहेरचे लोक अजून जुन्याच नावानं हाक मारतात.

बिल करताना काउंटरवर विचारतात, ‘मेनझेई?’ म्हणजे टॅक्स-फ्री करायचं का? मी खूश होऊन पासपोर्ट काढला. काकांनी आतला व्हिसा पाहिला, अदबीनं मान लववली आणि दहा टक्के टॅक्स लावला. इथे ती सवलत फिरायला आलेल्या पाहुण्यांना, कामाधंद्यासाठी राहणाऱ्यांना नाही. परदेशात ‘राहणं’ म्हणजे काय, ते मला त्या दिवशी सहाशे येनला कळलं. घरी येऊन खोक्याची मागची बाजू पाहिली तर बारीक अक्षरात लिहिलेलं, मेड इन व्हिएतनाम. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.

खरेदी तिथेच संपायला हवी होती, नाही का? पण पुढच्या शनिवारी मी पुन्हा अकिहाबाराला. मग त्याच्या पुढच्याही. एकट्यानं राहणाऱ्या माणसाचे इथले वीकएंड जाम लांब असतात हो! शुक्रवारी रात्री ऑफिसातून निघालं की सोमवार सकाळपर्यंत आपल्याशी कोणी बोलत नाही. बोलतात ते दुकानदार. ‘इराश्शाइमासे’ का होईना, पण म्हणतात. आणि खेळण्यांच्या दुकानात तुटक्याफुटक्या जपानीवर भागतं. रोबोकडे बोट दाखवायचं, डोळे मोठे करायचे, समोरचा माणूस पुढची दहा मिनिटं बोलतो. तुम्हाला त्यातले चार शब्द कळतात. पण तेवढे पुरतात.

मला जास्त आवडायला लागली ती रेडिओ काइकान नावाची इमारत. १९६२ ची जुनी इमारत २०११ मध्ये पाडली, २०१४ मध्ये नवी उभी राहिली. तिथे भाड्याच्या काचपेट्या आहेत. भिंतभर छोटे छोटे कप्पे. कोणीही महिन्याच्या भाड्यानं एक कप्पा घ्यायचा, त्यात आपली खेळणी आणि किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या. विकलं गेलं की पैसे मालकाला, दुकानाचं कमिशन दुकानाला. एका कप्प्यात सगळे लालच रोबो, दुसऱ्यात हात तुटलेलेच, तिसऱ्यात एकुलता एक, आणि त्याची किंमत अशी की मालकाला तो विकायचाच नसावा. मालक कधीच दिसत नाहीत. पण एखाद्याच्या घरातलं कपाट परवानगीशिवाय उघडून पाहिल्यासारखं वाटतं.

इथे नवीन खेळण्यांमध्ये सगळ्यात मोठा मान मात्र गंडामचा. त्याचीही कथा मजेशीर आहे. १९७९ मध्ये टीव्हीवर ही मालिका आली तेव्हा चाललीच नाही. बावन्न भागांची ठरलेली मालिका त्रेचाळीस भागांत गुंडाळली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये बांदाईनं तीनशे येनची प्लॅस्टिकची मॉडेलं काढली, घरी बसून स्वतः जोडायची, आणि पोरांच्या अक्षरशः उड्या पडल्या. त्या पोरांची आता पन्नाशी उलटलीय आणि ती आमच्या ऑफिसात मॅनेजर आहेत. खोटं नाही! आमच्या टीममधले एक सान, मीटिंगमध्ये हूं की चूं न करणारे, माझ्या डेस्कवरचा छोटा कॅप्सूलवाला रोबो पाहून एकदम थांबले. लंच संपेपर्यंत ते बोलत होते. बायको झोपल्यावर रात्री दोन तास मॉडेलचे तुकडे कापत बसतात म्हणे. त्यांना मी दादाच्या रोबोचं वर्णन सांगितलं, म्हणजे उठून चालून, छातीवर दोन्ही हातांनी दारं उघडून दाखवली. सान गंभीरपणे म्हणाले, ‘ते अकिहाबाराला नाही मिळणार. ते नाकानोला.’

आता हा योगायोग बघा. मी राहते निशी-कसाईला, टोकियोच्या पूर्व टोकाला. वायटूकेच्या सुमारास आपले आयटीवाले इकडे आले आणि हळूहळू इथेच वसले, त्यामुळे तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. तिथून तोझाई लाइनची गाडी पकडायची आणि ती न बदलता शेवटपर्यंत बसून राहायचं. शेवटचं स्टेशन, नाकानो. इतके महिने रोज ऑफिसला जाताना गाडीच्या कपाळावर मी ते नाव वाचत होते.

नाकानो स्टेशनच्या उत्तरेला सन मॉल नावाचा छप्पर असलेला बाजार आहे. चपला, चहा, गोड बन्स, चष्मे. तो संपतो तिथे नाकानो ब्रॉडवे सुरू होतं. नावावरून काहीतरी झगमगीत वाटतं, पण आहे आपल्याकडच्या जुन्या कॉम्प्लेक्ससारखंच, खाली गाळे, वर फ्लॅट. १९६६ मध्ये बांधलं तेव्हा मात्र एकदम पॉश, गच्चीवर बाग आणि स्विमिंग पूल! मग गाळे रिकामे पडत गेले आणि भाडी उतरली. १९८० मध्ये मासुझो फुरुकावा या मांगा चित्रकारानं तिथे जुन्या मांगांचं एक चिमुकलं दुकान काढलं, मांदाराके. ते वाढत वाढत मजलेच्या मजले पसरलं आणि त्याच्या आजूबाजूला सगळ्या छंदिष्टांची दुकानं आली. एक टिप देऊन ठेवते. पहिल्या मजल्यावरचं एस्केलेटर दुसऱ्यावर थांबतच नाही, थेट तिसऱ्यावर नेऊन सोडतं. आणि बारा वाजायच्या आत गेलात तर नुसती शटरं बघत फिराल.

पहिल्या फेरीत मी फक्त चिठ्ठ्या वाचायला शिकले. जुन्या खेळण्यांच्या चिठ्ठीवर सगळे दोष प्रामाणिकपणे लिहिलेले असतात. ‘हाको नाशी’ म्हणजे खोकं नाही. ‘केप्पिन’ म्हणजे काही भाग गहाळ. ‘नान आरी’ म्हणजे काहीतरी खोट आहे. खोकं असलं तर किंमत कुठल्या कुठे जाते. आपण ज्या खोक्यात मागाहून सुया-दोरे ठेवले असते, त्याचेच पैसे! आपल्याकडच्या ‘स्थळ पाहणे’ प्रकारातही अशा चिठ्ठ्या असत्या तर किती वेळ वाचला असता.

तिसऱ्या फेरीत तो दिसला. एका अरुंद बोळातल्या काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर. पत्र्याचा, राखाडी रंगाचा, छातीवर दोन दारं. मी काचेला नाक लावून उभी होते. दुकानातल्या आजोबांनी किल्ली आणली, पांढरे हातमोजे चढवले, त्याला बाळासारखं दोन्ही हातांनी उचललं आणि मखमलीच्या कापडावर ठेवलं. आधी त्याचे ओरखडे दाखवले, डाव्या खांद्यावर एक, पायाशी गंज. मग मोठे सेल घातले आणि बटण सरकवलं. ठक ठक ठक. थांबला. दारं उघडली. ट्यॅट्यॅट्यॅट्यॅ!

मंडळी, त्या बोळात मी जवळजवळ रडले.

पाठीवर ‘एसएच’ अशी दोन अक्षरं होती. होरिकावा. साठच्या दशकात टोकियोत या कंपनीनं असे छाती उघडणारे रोबो ढिगानं बनवले. पण आजोबांनी खोक्याचा एक फोटो दाखवला, त्यावर एक अक्षर जपानी नाही, सगळं इंग्लिश. कारण हा माल जपानी पोरांसाठी नव्हताच! तो अमेरिकेला जायचा. युद्धानंतर जपानकडे ना पैसा ना पत्रा. डिसेंबर १९४५ मध्ये ओत्सू गावच्या कोसुगे नावाच्या कारागिरानं अमेरिकन सैनिकांनी फेकलेले डबे कापून जीपगाडी बनवली. क्योतोच्या दुकानात ती दहा येनला विकायला ठेवली तर रांगा लागल्या. १९४७ मध्ये खेळण्यांची निर्यात पुन्हा सुरू झाली आणि पुढे १९५२ पर्यंत त्यांच्यावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का बसायचा. टोकियोच्या पूर्वेकडच्या गल्ल्यांमध्ये, म्हणजे माझ्या घराच्या बाजूलाच, घराघरांत पत्रा वाकवला जायचा, रंगवला जायचा आणि खोक्यात बंद होऊन बोटीवर चढायचा. तेव्हा अमेरिकेत ‘मेड इन जपान’ म्हणजे स्वस्तातला टाकाऊ माल असं लोक म्हणायचे. आज आपण ‘चायनाचा’ म्हणतो ना, सेम टू सेम तस्सं. मग तिकडची पोरं मोठी झाली, माळे झाडले गेले आणि त्यातून वाचलेले रोबो शौकिनांनी चढ्या भावानं जपानला परत आणले.

म्हणजे एक्स्पोर्ट क्वालिटी! बाबा बरोबर होते की.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, अडतीस हजार येन, हाको नाशी. आपले वीस-बावीस हजार रुपये. त्या महिन्यात मी घरी पैसे पाठवले होते, भाडं द्यायचं होतं. मी आजोबांना विचारून तिथूनच दादाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे साडेबारा. दादा सिव्हिल हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलमध्ये उभा, मागे गर्दी. मी फोन रोबोसमोर धरला, आजोबांनी पुन्हा बटण सरकवलं. दादा बघत राहिला. मग म्हणाला, ‘भारीये. पण हा आपला नाही.’

‘अरे, तोच आहे!’

‘अगं, आपला प्लॅस्टिकचा होता. चॉकलेटी. पंजे लाल होते. हा बापमाणूस आहे, आपला त्याचा पोरगा असेल फार तर. केवढ्याला?’

मी पाच हजार रुपये सांगितलं. परदेशात राहणारे सगळे आपापल्या घरी जे सांगतात, त्या हिशेबानं. तरीही दादा म्हणाला, ‘येडी का तू! ठेव तिथे.’ मग जरा थांबून, ‘बाबांना दाखवलं असतं, पण ते आत आहेत, ड्रेसिंग चाललंय.’

मी रोबो ठेवला. आजोबांना वाईट वाटलं नसावं. त्यांनी सेल काढले, बोटांनी पुसले, त्याला कपाटात होता तसाच, थोडा डावीकडे वळवून उभा केला. मी जपानीत सॉरी म्हणत बाहेर आले. परतीच्या गाडीत पूर्ण चाळीस मिनिटं मनात हिशेब करत होते. एका विमानप्रवासाच्या निम्मे पैसे. तेवढ्यात मी गणपतीला घरी जाऊन आले असते, निदान एका बाजूनं तरी. मग वाटलं, तसं तर गेलेही नव्हतेच ना.

त्यानंतर मी ‘आपला’ शोधायला लागले. तो नाकानोच्या काचेत मिळणार नव्हता, कारण त्याला कोणी जपून ठेवलं नसणार. जपानमध्ये जुन्या वस्तूंच्या मोठमोठ्या साखळी दुकानांमध्ये एक कोपरा ‘जंक’चा असतो. निळ्या क्रेटमध्ये वायरी, रिमोट, हात नसलेल्या बाहुल्या, सगळं एकत्र. कसलीही गॅरंटी नाही, परत घेणार नाही, विचारायचं नाही. उकिडवं बसून उपसायचं. माझ्याबरोबर नेहमी तेच दोन-तीन काका असायचे. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, पण मी रोबो शोधतेय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एकदा एकानं काहीही न बोलता एक धड माझ्या क्रेटवर आणून ठेवलं. ते पाणबुड्याचं निघालं, पण काय तो भाव!

जानेवारीत, चिबाकडच्या एका दुकानात, एका पारदर्शक पिशवीत तो होता. चॉकलेटी प्लॅस्टिक. लाल पंजे, त्यातला एक पिवळट पडलेला. छातीचं उजवं दार बंद, डावं अर्धवट लोंबतंय. पिशवीवर तीन शब्द: जंक, हाको नाशी, आणि ‘दोसा मिकाकुनिन’, म्हणजे चालतो की नाही ते पाहिलेलं नाही. किंमत अकराशे येन. पाठीवर उठावाची अक्षरं, मेड इन हाँगकाँग. हाँगकाँगच्या कुठल्याशा कारखान्यात होरिकावाची नक्कल झाली, त्यातली एक मनीष मार्केटला पोचली आणि एक इकडे आली. आमच्या घरात ज्याला बाबांनी एक्स्पोर्ट क्वालिटी म्हटलं, तो हा.

घरी आणून सेलची खाच उघडली. आत कधीचे तरी सेल फुटून हिरवी-पांढरी बुरशी साचलेली. हे मला येतं. व्हिनेगर, कापसाचा बोळा, बारीक पॉलिशपेपर. पण त्याच्या पुढे पाठीचे चार स्क्रू काढावे लागणार होते. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन मी बराच वेळ बसले आणि परत ठेवून दिला.

इथे ‘ओमोच्या ब्योइन’ असतात, खेळण्यांचे दवाखाने. कुठल्यातरी कम्युनिटी सेंटरमध्ये महिन्यातून एक-दोनदा निवृत्त इंजिनीअर आजोबा टेबलं मांडून बसतात. त्यांना डॉक्टर म्हणतात. बहुतेक ठिकाणी फी नाही, फार तर सुट्या भागाचे पैसे. खेळण्यांच्या दुखण्याकडे हे लोक फार गंभीरपणे बघतात. सोनीनं १९९९ मध्ये अडीच लाख येनला ऐबो नावाचा रोबो-कुत्रा काढला तेव्हा जपानातले तीन हजार ऐबो वीस मिनिटांत संपले. २००६ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद झाली. मग जे कुत्रे दुरुस्त होऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी २०१५ पासून चिबातल्या कोफुकुजी या मंदिरात चक्क अंत्यविधी झाले, भटजी, धूप, मंत्र सगळं. नंतर त्यांचे भाग काढून दुसऱ्या ऐबोंना बसवले. आधी मला हसू आलं होतं. आता येत नाही.

तर आमच्या वॉर्डातल्या दवाखान्याची तारीख मी काढली, येत्या शनिवारची. दादाला फोटो पाठवला. नेहमी ‘अंगठा’ टाकून मोकळा होणारा माणूस, दोन मिनिटांत त्याचा कॉल.

‘कुठे मिळाला?’

‘कचऱ्यात. चालत नाहीये. शनिवारी डॉक्टरकडे नेते, मग आणते.’

तिकडे मागे भाचा ओरडत होता, ‘तो कोणाय? ऑप्टिमसचा मित्र?’ आणि बाबांचा आवाज, ‘बघू, बघू.’ फोन इकडून तिकडे गेला, थोडा वेळ नुसतं छत दिसलं, मग पुन्हा दादा.

‘तू उघडलास?’

‘नाही रे. शप्पथ.’

‘मग कुठे नेऊ नकोस. तसाच आण,’ दादा म्हणाला. ‘या वेळी मी उघडणार.’